भात उतरवायचं वाक्य

२ डिसेंबर २०२४, सोमवार

तुकूमच्या जेवणाऱ्यांनो, रविवारी सकाळी नुसता चहा घेऊन दुपारच्या पंगतीसाठी पोट राखून ठेवणाऱ्यांनो, आपल्या सगळ्यांच्या ताटावरून एक माणूस पळवून नेला गेला आहे. बशीरभाई गेले. मी गप्प बसणार नाही आणि तुम्हीही बसू नका.

हे लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. समोर कोणी नाही, दैनंदिनीचं कोरं पान आहे. पण तीस वर्षं माईकसमोर उभा राहिलेला माणूस एकट्याशी बोलायला विसरतो. तेव्हा हे पान म्हणजेच सभा, असं धरून चालतो.

आधी वस्तुस्थिती. चंद्रपूरच्या या टोकाला, तुकूममध्ये, अकरा वर्षांपूर्वी मी 'एकपंगत भोजनालय' काढलं. आठवडाभर साधी थाळी आणि रविवारी दुपारी जमिनीवर एकच लांब पंगत. वकील, खाणीतला मजूर, भाजीवाली, आम्ही बौद्ध, मुसलमान, गोंड, कोमटी, कोणीही कोणाच्याही शेजारी बसावं. पंगत बसली की मी दोन शब्द बोलतो. ते संपले की भात येतो, आणि शेवटच्या माणसाला वाढून होईपर्यंत कोणी घास उचलायचा नाही. माणसं या विचारासाठी येतात, हे मी कायम सांगत आलो आहे.

स्वयंपाक बशीरभाईंचा. इथून गडचिरोलीपर्यंत बशीर बावर्ची म्हटलं की लोक लग्नाची तारीख पुढे ढकलतात. त्यांचा मटण रस्सा आणि एचएमटी तांदळाचा भात, बस. पंगत उठायला लागली की पांढरा कुर्ता घालून, अत्तर लावून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि जाणाऱ्या प्रत्येकाची दाद घ्यायचे. नवरदेवाच्या बापाचा रुबाब.

आज सकाळी जैनबभाभी, म्हणजे त्यांची बायको, मागच्या दाराची किल्ली घेऊन आल्या. "ते येनार नाई आता," एवढंच म्हणाल्या. बशीरभाईंची स्वतःची तांब्याची देग होती, ती रात्रीच गेली होती. चुलीवर नुसता गोल डाग.

भांडण नाही, तंटा नाही. काल तर इतकी छान पंगत झाली. मी नवीन भाषण केलं. भाकरीच्या महागाईतून राज्यं कशी उलथली, पॅरिसच्या बायका पावसात भाकरीसाठी राजवाड्यापर्यंत कशा चालत गेल्या, यावर महिनाभर वाचलं होतं. थोडं लांबलं. भात गार झाला म्हणून ओळीत कुजबुज सुरू झाली, तर मी हसत हसत सांभाळून घेतलं. म्हटलं, "भात गार असेल तर सांभाळून घ्या मंडळी, आमचे बशीरभाई आता म्हातारे झाले." सगळी पंगत हसली. बशीरभाईही दारात उभे होते, तेही हसले असणार. तोंडावर टॉवेल होता म्हणून नीट दिसलं नाही.

सांगायचा मुद्दा, वातावरण असं खेळीमेळीचं होतं. मग हा माणूस रातोरात का जातो? उत्तर उघड आहे. जंगलाच्या कडेला वाघ बघायला येणाऱ्यांसाठी रिसॉर्ट उभे राहिलेत. त्यातल्या कोणीतरी त्यांना उचललं.

४ डिसेंबर, बुधवार

बशीरभाईंच्या घरी जाऊन आलो. ते घरी नव्हते. जैनबभाभी दारात तांदूळ निवडत होत्या.

"कुठे गेले?"

"सावलीले. भावाकडे."

"सावलीसारख्या गावात कोणता रिसॉर्ट आहे?"

"रिसॉर्ट?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "भाऊ, तुमाले सगळं मोठंच दिसते. बसस्टँडमागं टिनाचं शेड हाये भावाचं. तिथी करून राह्यले दोन वक्ताचं जेवन."

"पण का? इथे काय कमी होतं?"

"वय झालं म्हनते ते."

"वय? अहो, साठीसुद्धा नाही झाली. एका हाताने देग उतरवतात."

"मीबी तेच म्हनलं," भाभी म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटत असावं. मी बराच वेळ बोललो. श्रम आणि वय या विषयावर बोललो, हातात कला असलेल्या माणसाला निवृत्ती नसते हे सांगितलं. त्यांनी चहा केला. साखर नव्हती त्यात. घाईत राहिली असेल.

वयाचं कारण पटत नाही. आत दुसरं काहीतरी आहे.

७ डिसेंबर, शनिवार

काल सहा डिसेंबर. भोजनालय बंद. अभिवादनाच्या चार सभांत बोललो. घसा बसला आहे, पण मन खणखणीत. उद्या नवीन आचारी घेऊन पंगत.

९ डिसेंबर, सोमवार

नवा आचारी प्रवीण, राजुऱ्याचा. नागपुरात मोठ्या हॉटेलात होता. डोक्याला जाळीची टोपी घालतो, हातमोजे घालतो, मला 'सर' म्हणतो. चव वाईट नाही. रस्सा लाल आहे, तिखट आहे, तर्री वर येते. मग काल काय बिघडलं?

भात. मी बोलायला उभा राहिलो तेव्हाच त्याचा भात तयार होता. बोलून बसेपर्यंत गार. लोक सवयीने हसले आणि दाराकडे बघायला लागले, जणू तिथून पांढरा कुर्ता बाहेर येणार आहे. प्रवीण आला, हातमोजे काढत. लोक चपला शोधायला लागले.

एका माणसावर एक संस्था चालत नाही, हे मी हजार वेळा व्यासपीठावरून सांगितलं आहे. आता दाखवून देतो.

१६ डिसेंबर, सोमवार

कालही भात गार. आज रुखमाने, माझ्या बायकोने, एक गोष्ट सांगितली आणि मी थक्क झालो.

मी चिडून म्हणालो होतो, "अकरा वर्षांत बशीरभाईंचा भात एकदाही गार झाला नाही. फक्त त्या शेवटच्या दिवशी झाला."

"कसा होईन जी," ती म्हणाली. "ते तुमचं भाषन आयकून भात करत."

"म्हणजे?"

"म्हंजे काय. तुमी 'दोन शब्द बोलतो' म्हनून उठले का ते तांदूळ वैरत. वैशालीच्या गणराज्यावर आले का शीत दाबून पाहत. तुमी म्हनले, 'मित्रहो, शेवटी एकच सांगतो,' का मग झाकन ठेवून आरामात बिडी पेटवत. त्याच्यानंतर तुमचं बरंच चालते ना. आन ते वाक्य आलं का उतरवत."

"कोणतं वाक्य?"

"एका ओळीत बसलेल्यांचं पोट एकाच वेळी भरलं पाहिजे."

ते माझं शेवटचं वाक्य आहे. मी घडवलेलं, अकरा वर्षं दर रविवारी म्हटलेलं. त्यावर टाळ्या पडतात आणि टाळ्यांतच भात येतो, वाफाळता, शीत न् शीत मोकळं. मी आजवर समजत होतो की तो योग जुळून येतो.

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी तुमी पॅरिसले गेले. त्याईले का मालूम पॅरिस कुठी संपते? दोनदा उतरवला, दोनदा चढवला. जैनब मदतीले आली होती, तिच्या हाताले चटका बसला."

हे ऐकून मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. आनंद झाला. माझं भाषण शब्दशः एका माणसाला पाठ होतं, आणि त्याने त्यावर भात लावला होता. याहून मोठा श्रोता कोणत्या वक्त्याला मिळाला असेल? आणि उपायही सापडला. प्रवीणला भाषण शिकवायचं.

१९ डिसेंबर, गुरुवार

तीन दिवस शिकवणी चालू आहे. मी स्वयंपाकघरात उभा राहून बोलतो, प्रवीण रिकाम्या पातेल्यावर सराव करतो.

"सर, गणराज्य आलं. आता शीत बघू?"

"बघ."

"सर, पण तुम्ही मध्येच त्या संपाची गोष्ट घातली. ती काल नव्हती."

"ती आज सुचली."

"मग मी गॅस बारीक करू का?"

रुखमा लसूण सोलत होती. "त्याले एवढंच शिकवा," म्हणाली, "का हे माणूस सांगते तिथी थांबत नाई."

मी ठरवलं आहे की रविवारी जुनं भाषण जसंच्या तसं करायचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी शिस्तीचा माणूस आहे, जमेल.

२३ डिसेंबर, सोमवार

जमलं नाही.

सुरुवात अगदी जुन्यासारखी झाली. पण तिसऱ्या मिनिटाला समोर माजरीच्या खाणीतले दोन मजूर बसलेले दिसले, नवीन, पहिल्यांदाच आलेले. त्यांना बघून न बोलणं म्हणजे पाप झालं असतं. मी कोळशावर आलो. जमिनीखालची सगळी माणसं काळीच दिसतात, तिथे कोणाची जात विचारतं कोण, असं बोललो. फार चांगलं बोललो. मजुरांचे डोळे भरून आले. मागे प्रवीणचा भात गिजगा झाला, पेज आणि भात यांच्या मधलं काहीतरी.

त्या दोघांनी पान चाटून पुसून संपवलं. जाताना एक म्हणाला, "भाऊ, बोलले झकास. पण बशीरभाई कुठी हाये? आमी त्याईच्यासाठी आलो होतो."

६ जानेवारी २०२५, सोमवार

देवराव येऊन बसला. देवराव माझा बालमित्र, निवृत्त मास्तर, पहिल्या पंगतीपासून एकही रविवार चुकवलेला नाही. दाराजवळची पहिली जागा त्याची.

मी त्याला माझी योजना सांगितली. रविवारी गाण्याची मंडळी आणायची, झाडीपट्टीच्या नाटकातला एखादा नट आणायचा, भिंतीवर विचार लिहायचे. तो सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "नागसेन, एक बोलू का? रागावशीन नको."

"बोल."

"लोकं तुह्या भाषनासाठी बशीरचा रस्सा खात नव्हते. बशीरच्या रस्स्यासाठी तुहं भाषन आयकत होते."

मी म्हणालो, "तू अकरा वर्षं माझ्यासमोर बसून हेच करत होतास?"

"मी दोन्हीसाठी येत होतो. मी मास्तर हाये, मले भाषनाची सवय हाये. लोकाईचं सांगून राह्यलो."

त्याला वाटतं ते तो बोलला. मैत्रीत चालतं. पण लोकांना विचाराची भूक नसते हे मी मान्य करत नाही. करणारच नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

परवाच्या पंगतीत अर्धी ओळही भरली नाही. मधे मधे मोकळ्या सतरंज्या. आठवड्याची थाळीही ओसरली. एकपंगत हे नाव बाहेरच्या फळीवर वाचताना आज पहिल्यांदा नजर खाली गेली.

बशीरभाईंना फोन केला होता. उचलला. "भाऊ, चूल पेटलेली हाये, मंग बोलतो," म्हणाले. मग बोललेच नाहीत.

२७ जानेवारी, सोमवार

काल प्रजासत्ताक दिन आणि रविवार, दोन्ही एकत्र. मी सगळ्यांना स्वतः जाऊन बोलावलं होतं आणि माणसं आली होती. ओळ बरीच भरली. मनात म्हणालो, आज डाव उलटवायचा.

प्रवीण म्हणाला, "सर, मी आधीच वाढून टाकतो. नंतर तुम्ही निवांत बोला. मला ते वाक्याचं टेन्शन नको." मी हो म्हणालो. सगळ्यांच्या पानात भात पडला, वर रस्सा पडला, आणि मी उभा राहिलो.

संविधानाच्या उद्देशिकेवर बोललो. न्याय, स्वातंत्र्य, समता करत बंधुतेवर आलो. बंधुतेवर मी जीव ओतून बोलतो, कारण पहिल्या तीन गोष्टी कायद्याने आणता येतात, चौथी फक्त एकत्र बसून येते. तेवढ्यात मला आवाज आला. भुरका मारल्याचा.

देवराव जेवत होता.

पहिल्या जागेवर बसून, मान खाली घालून, माझ्या बंधुतेच्या मधोमध देवराव भात कालवून खात होता. अकरा वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. त्याच्या शेजारच्या बाईने त्याच्याकडे बघितलं आणि तिनेही बोटं भातात घातली. मग तिच्या शेजारच्याने. मी बघत होतो आणि ओळीतून ते पुढे सरकत गेलं, वाऱ्याने धान लवावं तसं. मी वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

आधी संताप आला. नंतर देवरावाकडे नीट बघितलं. गिजगा भात, परक्या हाताचा रस्सा, तरी त्याच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते माझ्या एकाही वाक्याने कधी आणलेलं नव्हतं. म्हातारा आईच्या हातचं खाल्ल्यासारखा दिसत होता.

रात्री त्याला विचारलं, "का केलंस?"

"गरम होता रे," तो म्हणाला.

मला सावलीला जायला हवं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एसटीने सावलीला गेलो. मूल गावाच्या पुढे धान निघून गेलेली शेतं, तणसाचे ढीग, बांधांवर बगळे. सगळ्या वाटेत मी काय बोलायचं ते मनात बांधत होतो. तीन मुद्दे, शेवटी आवाहन.

बसस्टँडमागे शेड सापडलं. दोन बाकडी, एक चूल, तीच देग. बशीरभाई तसेच, पांढरा कुर्ता, अत्तर. मला बघून ना आनंदले, ना रागावले.

"या भाऊ. बसा. जेवून जाजा."

"जेवायला नाही आलो, बशीरभाई. बोलायला आलो."

"बोलाले तं तुमी नेहमीच येता. आज जेवाले बसा."

मी उभ्यानेच सुरुवात केली. "बशीरभाई, तुकूमची माणसं आज..."

त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं. "आधी हे. भात थांबत नाई."

बसलो. वाफ सरळ चेहऱ्यावर आली. पहिला घास घेतला आणि दुसरं काही बोलायचं सुचलंच नाही.

हा भात मी कधी खाल्लेला नव्हता. अकरा वर्षं माझा नियम होता की सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. बोलणारा शेवटी जेवतो, वाढणारा शेवटी जेवतो. त्याचा मला अभिमान होता, मी तो सभांत सांगितलाही आहे. म्हणजे सगळं तुकूम ज्या भातासाठी धावत यायचं तो मी अकरा वर्षं गार खाल्ला होता. एचएमटीच्या गरम भाताला असा वास असतो, हे मला सावलीच्या बसस्टँडमागे कळलं.

आजूबाजूला ट्रॅक्टरवाले, कोर्टात आलेले दोघे तिघे, शाळेतल्या एक बाई. कोणी बोलत नव्हतं. फक्त जेवणाचे आवाज.

ताट संपल्यावर म्हणालो, "परत चला. तुम्ही गर्दीतले माणूस. इथे कंटाळा येत नाही?"

"येते ना. खोटं काऊन बोलू." त्यांनी झाऱ्याने देगीची कड खरवडली. "पन इथी मी भात उतरवतो तं लोकं गप होते. तिथी मी उतरवायचो तं लोकं टाळ्या वाजवत. तुमच्या वाक्याले."

"ते वाक्य वाईट आहे का?"

"नाई भाऊ, वाक्य मस्त हाये. पाठ हाये मले. झोपेत म्हनतो, जैनबले विचारा."

"मग मी भाषण बंद करतो."

"तुमी?" ते हसले. शेडमधले लोक वळून बघायला लागले इतके हसले. "तुमी बंद करान? वैनगंगेले सांगा मंग थांब म्हनून."

"बशीरभाई, गेलात का, तेवढं तरी सांगा. मित्र म्हणून विचारतो."

त्यांनी झारा बाजूला ठेवला. माझ्याकडे बराच वेळ बघितलं, त्या दिवशी जैनबभाभींनी बघितलं होतं तसं.

"वय झालं, भाऊ," ते म्हणाले.

पुन्हा वय. दोघे नवराबायको ठरवून एकच सांगतात. हात तर विशीतल्यासारखा चालतो त्यांचा. पण नाही सांगायचं तर नाही. मी उठता उठता म्हणालो, "मग एकदा या. जेवायला. अकरा वर्षं तुम्ही पंगतीत बसलाच नाहीत."

"मी बसलो तं भात कोन शिजवन?"

"मी."

हे मी का बोललो मला माहीत नाही. आयुष्यात चहासुद्धा केलेला नाही.

त्यांनी मान वाकडी करून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बाजारात बकरा न्याहाळतात तसं. "जैनबले विचारतो," म्हणाले. "तिले असं पाहाले लय आवडन."

५ फेब्रुवारी, बुधवार

निर्णय झाला. एकपंगत भोजनालय बंद. सोळा तारखेला शेवटची पंगत. ही हार नाही. जे काम उभं करायचं होतं ते अकरा वर्षं उभं होतं. बशीरभाई होते तोवर ते पोटात उतरत होतं, ते गेल्यावर नुसतं कानावर पडायला लागलं. कानावर पडण्यासाठी मला भोजनालयाची गरज नाही, माझ्याकडे चौक आहेत.

प्रवीणला सांगितलं. तो सुटल्यासारखा हसला. राजुऱ्यात नूडल्सची गाडी लावणार म्हणाला. "सर, तिथे भाषण नसतं," म्हणाला आणि लगेच जीभ चावली. मी त्याला मिठी मारली.

माईक विहाराला देऊन टाकला. रुखमा म्हणाली, "तिथीबी तुमीच बोलान ना."

१२ फेब्रुवारी, बुधवार

रोज भात शिकतो आहे. रुखमा शिकवते. आज खाली लागला. परवा कच्चा. काल बरा होता, पण मी तो रुखमाला काहीतरी समजावून सांगत असताना उतरवायला विसरलो. ती म्हणाली, "तुमाले भात येईन जी. पन तोंड बंद करून येईन." मी तिला सांगितलं की एकाग्रतेवर आपल्याकडे फार मोठा विचार झालेला आहे. तोवर पुन्हा करपला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल शेवटची पंगत झाली.

सगळे आले. ओळ दारातून बाहेर, फळीखालून वळून रस्त्याकडेला गेली. माजरीचे दोघे आले. देवराव नेहमीच्या जागेवर होता, पण बशीरभाई दारात आले तसा उठला आणि आपली जागा त्यांना दिली. बशीरभाई कुर्ता सावरत मांडी घालून बसले. शेजारी जैनबभाभी. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते स्वयंपाकघराकडे तोंड करून बसले होते.

मी आत. रस्सा रुखमाने केला होता, भात माझा. मी बाहेर जाऊन एक शब्द बोललो नाही. लोक वाट बघत होते, एकमेकांना खुणावत होते. आत मी देगीएवढ्या पातेल्यासमोर उभा, वाफेत घामाघूम, आणि मला कळत नव्हतं की हा झाला की नाही. शीत दाबलं तर वाटे झाला, दुसरं दाबलं तर वाटे नाही. रुखमा पाणी आणायला मागच्या दारी गेलेली. उतरवू? राहू देऊ? बाहेर कुजबुज, आत रटरट. हा प्रश्न एका माणसाने अकरा वर्षं माझ्या आवाजावर सोडवला होता, आणि आज माझ्याजवळ कोणाचा आवाज नव्हता.

तेवढ्यात बाहेरून आला. खणखणीत, माझ्याच सुरात, माझ्यासारखाच मधे थांबून.

"मित्रहो, एका ओळीत बसलेल्यांचं पोट... एकाच वेळी भरलं पाहिजे."

बशीरभाई. बसल्या जागेवरून. त्यांना वासावरून कळलं होतं.

पंगत हसून कोसळली, टाळ्या पडल्या आणि मी भात उतरवला.

वाढायला मीच निघालो. बशीरभाईंच्या पानात वाढला तर त्यांनी बोटांनी शीत चाळवलं. थोडा गिजगा झाला होता, ते मलाही दिसत होतं. त्यांनी सगळ्या ओळीकडे मान फिरवली आणि मोठ्याने म्हणाले, "भात गिजगा असन तं सांभाळून घ्या मंडळी. आमचे नागसेनभाऊ आता म्हातारे झाले."

सगळी पंगत पुन्हा हसली. मीही हसलो. टॉवेल तोंडावर होता, वाफेने डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि छातीत कुठेतरी बारीक टोचल्यासारखं झालं. इतक्या माणसांसमोर, वाढता वाढता, स्वतःच्या घरात. पण ते क्षणभरच. जैनबभाभी एकट्या हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हळूच चापट मारली आणि मला म्हणाल्या, "बसा भाऊ. आता तुमीबी बसा. मी वाढते."

मग मी देवरावाच्या आणि बशीरभाईंच्या मधे बसलो आणि गरम गरम जेवलो. बशीरभाईंनी दोनदा भात मागून घेतला. जाताना मिठी मारली. त्यांच्या अत्तराचा वास अजून माझ्या शर्टाला आहे. रमजान झाला की सावलीला जेवायला यायचं, असं मला बजावून गेले.

रात्री भांडी पुसताना रुखमाला म्हणालो, "बशीरभाईंचा तो म्हाताऱ्याचा विनोद चांगला होता. पण मी तो आधी कुठेतरी ऐकला आहे."

तिच्या हातातलं पातेलं थांबलं. "खरंच आठवत नाई तुमाले?"

"नाही. कोणाचा आहे?"

तिने पातेलं पालथं घातलं, आणि माझ्या हातातला टॉवेल घेऊन स्वतःच पुसायला लागली. आठवेल कधीतरी.

आता शेवटचं बोलतो आणि थांबतो. तुकूमच्या जेवणाऱ्यांनो, अकरा वर्षं मी तुम्हाला एक चुकीची शिकवण दिली. पंगतीत थांबायला शिकवलं. बोलणारा आपलं बोलणं पुढे ढकलू शकतो, गरम भात थांबत नाही, आणि तो ज्याने शिजवला त्याचं आयुष्यही वाट बघत बसत नाही. म्हणून यापुढे कोणाच्याही पंगतीत बसा, लग्नाच्या, तेरवीच्या, पुढाऱ्याच्या, माझ्या. समोर कोणीही उभं राहून काहीही बोलत असो, अगदी मी बंधुतेवर बोलत असलो तरी, पानात गरम भात पडला की मान खाली घाला आणि पहिला घास घ्या.